‘चालेल’ आणि चांदीची पेढी: एका चिनी अक्षरापायी गेलेले तीन आठवडे

चिनी भाषेच्या एचएसके परीक्षेच्या पहिल्या दोन पातळ्या कशा पार पडल्या ते आता आठवतही नाही. तिथे अक्षरांसोबत रोमन लिपीत उच्चार छापलेला असतो. तिसऱ्या पातळीला ती कुबडी काढून घेतात. मी आपटलो तो ‘शिंग’वर.

सहा रेघांचं अक्षर. अर्थ चालणं, आणि ‘चालेल’ म्हणायलाही तेच, अगदी आपल्यासारखं! सायकल म्हणजे ‘स्वतः चालणारी गाडी’, त्यातही शिंगच. मग ‘चांदी’च्या अक्षरापुढे तेच दिसल्यावर मी वर्गात ठणकावून ‘यिनशिंग’ वाचलं. सगळे हसले. सूर जरा घसरला की तो गिंको झाडाचा शब्द होतो. मी पैसे काढायला झाडाकडे निघालो होतो. बरोबर उच्चार यिनहांग, म्हणजे बँक.

हांग का? बाई म्हणाल्या, “पाठ करा.” क्लासच्या छापील यादीत तर एकच उच्चार. फी मात्र दोन्ही उच्चारांची घेतली असणार! तीन आठवडे मी चिडून पाठ करत होतो आणि विसरत होतो.

शेवटी मूळ शोधलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या, हाडांवर कोरलेल्या लिपीत हे अक्षर म्हणजे चक्क चौकाचं चित्र आहे. इ. स. १००च्या सुमारास कोशकार श्यू शन यांनी त्याची फोड ‘छोटं पाऊल, थांबलेलं पाऊल’ अशी केली. ती हाडं ओळखली गेली १८९९ मध्ये. श्यू शन बिचाऱ्यांना ती कुठून दिसणार! रस्ता आला की चालणं आलं, ते शिंग. आणि रस्त्यासारखी सरळ ओळ, ओळीत मांडलेली एकाच मालाची दुकानं, त्यावरून धंदा, पेढी, हे सगळं हांग. पुण्याची तांबट आळी डोळ्यांपुढे आणली आणि चांदीची पेढी पुन्हा चुकली नाही.

म्हणून सुटं अक्षर घोकू नका, अख्खा शब्द घ्या. पाण्याचा ‘जग’ आणि दुनियेचं ‘जग’ आपण तरी कुठे अक्षर बघून ओळखतो? हो, आणि हे आधीच सांगायला हवं होतं: तिसऱ्या पातळीच्या लेखनात उच्चार देऊन अक्षर विचारतात, तेव्हा दोन्ही उच्चारांना हात हेच अक्षर लिहील इतका सराव हवा.

बँकेच्या प्रमुखाला हांगजांग म्हणतात. त्यातलं ‘जांग’चं अक्षर दुसरीकडे ‘छांग’ होतं, तेव्हा अर्थ ‘लांब’. त्याच्याशी माझं अजून जुळलेलं नाही.