उत्तर कोलकात्यात उतरा: श्यामबाजारच्या कॅलकटा बंगलोमधला मुक्काम

कोलकात्याला जाणारी आपल्याकडची बहुतेक मंडळी पार्क स्ट्रीटला किंवा हावडा स्टेशनजवळ उतरतात, गाडी ठरवून व्हिक्टोरिया, दक्षिणेश्वर, बेलूर मठ करतात आणि परत फिरतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, निदान दोन रात्री तरी उत्तरेकडे काढा. श्यामबाजार, हातीबागान, बागबाजार, शोभाबाजार ही जुनी वस्ती, पुण्याच्या पेठांसारखी. इथे राहिल्याशिवाय कोलकाता कळत नाही, असं माझं ठाम मत झालंय.

मी आणि आई नोव्हेंबरच्या अखेरीस गेलो होतो. कॅलकटा बंगलो श्यामबाजारच्या पाच रस्त्यांच्या चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, फरियापुकुरमध्ये आहे. १९२०च्या दशकातलं राहतं घर नीट दुरुस्त करून त्याचं हॉटेल केलंय. खोल्या मोजक्याच. गंमत अशी की प्रत्येक खोलीला शहरातल्या एकेका जुन्या पाड्याचं नाव आहे आणि आतली मांडणी त्या पाड्याच्या धंद्यावरून केली आहे. बोईपाडा म्हणजे कॉलेज स्ट्रीटचा पुस्तकबाजार, जात्रापाडा म्हणजे चितपूरकडच्या नाटकमंडळ्यांची वस्ती. आम्हाला मिळाली दर्जीपाडा, शिंप्यांची. जुन्या शिलाई मशीनचं लोखंडी बूड तिथे टेबलाला वापरलंय. आई चहा घेऊन त्याच्याशी बसली आणि तिचा पाय आपसूक पायट्यावर गेला. लग्नानंतर कितीतरी वर्षं ती घरी शिवणकाम करायची. मग त्या खोलीत शिरलं की ती आधी त्याच खुर्चीत बसायची.

खिडक्या हिरव्या लाकडी झडपांच्या, इथे त्यांना खडखडी म्हणतात. मधली उभी दांडी वर-खाली केली की सगळ्या पट्ट्या एकदम कलतात. ऊन आत येत नाही, वारा येतो, आणि आपण कुणाला न दिसता गल्ली बघू शकतो. सकाळी रस्त्याकडेच्या नळाला गंगेचं पाणी येतं. माणसं तिथेच अंघोळी उरकतात, मासेवाला ओरडत जातो, ओट्यावर पेपर उघडले जातात. ज्यांची झोप सावध आहे त्यांनी रस्त्यावरची खोली घेऊ नये. पूजेच्या किंवा लग्नाच्या दिवसांत लाउडस्पीकरही असतो. गुडघेदुखीवाल्यांनी बुकिंग करतानाच जिन्याचं विचारून घ्यावं, जुन्या घरांचे जिने उंच असतात. तलाव, जिम असं काही हवं असेल तर दक्षिणेकडचं मोठं हॉटेल बघा. नाश्त्याला लुची (मैद्याची पुरी) आणि आलूर दम (दम आलू) मिळाला तर सोडू नका. कामावरची मुलं आईला ‘माशिमा’ म्हणजे मावशी म्हणायची आणि वाढताना अजिबात ऐकायची नाहीत.

पोचायचं कसं? विमानतळाच्या ‘जय हिंद’ स्टेशनातून मेट्रोने नोआपाडा, तिथे गाडी बदलून दमदम, बेलगाछिया आणि मग श्यामबाजार. हा मार्ग ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाला आहे. रेल्वेने आलात (पुण्याहून आझाद हिंद, मुंबईहून गीतांजली किंवा हावडा मेल) तर हावडा स्टेशनातूनच नदीखालून जाणारी मेट्रो एस्प्लनेडला नेते, तिथून दक्षिणेश्वरच्या दिशेची गाडी पकडायची. रविवारी मेट्रो सकाळी उशिरा सुरू होते, तेव्हा पहाटेच्या गाडीने येणाऱ्यांनी टॅक्सीच करावी. टॅक्सीवाल्याला गल्लीचं नाव सांगत बसू नका, ‘श्यामबाजार पाच माथार मोड’ म्हणा. घोड्यावरच्या नेताजींचा पुतळा दिसला की उतरा. ५ नंबरची श्यामबाजार–एस्प्लनेड ट्राम धावते आहे का, ते त्या दिवशी विचारून घ्या. धावत असेल तर इतर सगळे बेत बाजूला ठेवून बसा. कोलकात्यात ट्राम १८७३ पासून आहे आणि आता तिचे मार्ग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत.

कुमारटुली या मूर्तिकारांच्या वस्तीत सकाळी लवकर जा. आधी बांबूचा सांगाडा, त्यावर सुतळीने घट्ट आवळलेलं भाताचं काड, मग भाताचं तूस मळलेली चिकट माती आणि सगळ्यात शेवटी बारीक मातीचा हात. बोटं वेगळी घडवून मागाहून जोडतात. एका कारागिराच्या पुढ्यात फळीवर अशी ओली बोटं रांगेने ठेवलेली होती. तो एकेक उचलून नखाची कड कोरत होता, आणि आम्ही उभ्या आहोत याकडे त्याचं लक्षही नव्हतं. विचारल्याशिवाय फोटो काढू नका, वाटेत उभं राहू नका. दुर्गापूजेच्या आधीचा महिना सर्वांत भरगच्च असतो, पण तेव्हाच्या खोल्या फार आधी संपतात.

तिथून बागबाजारला चालत या. तिथे ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली आहे, आणि मराठी माणसाने तिथे थोडं थांबावं असं मला वाटतं. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर येऊ लागल्या तेव्हा, १७४२ साली, शहराच्या रक्षणासाठी खंदक खणायला घेतला. तो अपुराच राहिला, फौजा कोलकात्यावर आल्याच नाहीत. पुढे खंदक बुजवला आणि त्याच्या रेषेवर सर्क्युलर रोड झाला. पण गावागावांतून झालेली लूट आणि जाळपोळ बंगाली घरं विसरली नाहीत. आजही इथल्या अंगाईत ‘बर्गी’, म्हणजे आपले बारगीर, मराठा घोडेस्वार येतात. शाळेत आपण ज्या मोहिमांचा अभिमान धरला, त्यांची दुसरी बाजू त्या अरुंद गल्लीत मला पहिल्यांदा जाणवली. आई बराच वेळ काही बोलली नाही.

जेवणासाठी, मटण चालत असेल तर पाच माथार मोडवरच्या गोलबाडीत कोषा मांग्शो आणि पराठा घ्या. काळसर, घट्ट, तेलकट, पण चव अस्सल. शोभाबाजारच्या मित्रा कॅफेत फिश कबिराजी, म्हणजे अंड्याच्या जाळीदार आवरणातलं माशाचं कटलेट. संध्याकाळी हातीबागानच्या बाजारातून चालताना पर्स पुढे धरा.

गोड मात्र नकूरचंच. हेदुआजवळ रामदुलाल सरकार स्ट्रीटवर १८४४ पासूनचं हे दुकान आहे, गजाआडून संदेश ही छेन्याची मिठाई देतात. थंडीत गेलात तर नोलेन गुडाचा मागा, खजुराच्या नव्या गुळाचा. नरमपाक, म्हणजे मऊ संदेश त्याच दिवशी संपवायचा, तो प्रवासात टिकत नाही. घरी न्यायचा असेल तर कडापाक, म्हणजे घट्ट संदेश बांधून घ्या, आणि परतीच्या दिवशी दुपारी गर्दी व्हायच्या आत जाऊन या.