तुम्ही विचारलंत म्हणून : जीभ बाहेर काढून डॉक्टरांना काय कळतं?

"एमआरआय करायचाच आहे ना, मग हे गाल फुगवा, जीभ दाखवा कशाला?" मेंदूविकारांची डॉक्टर म्हणून हा प्रश्न मी रुग्णापेक्षा त्याच्याबरोबर आलेल्या माणसाकडून जास्त ऐकते. रुग्ण बिचारा तेव्हा गाल फुगवण्यात गुंतलेला असतो. विचारणाऱ्याचा सूर थोडा चेष्टेचा असतो, पण प्रश्न रास्त आहे.

मला आधी 'कुठे' हे ठरवायचं असतं. पाय ओढत चालणाऱ्या माणसाचा दोष मेंदूत असू शकतो, मानेतल्या मज्जारज्जूत असू शकतो, कमरेत दबलेल्या नसेत किंवा अगदी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दबलेल्या नसेतही असू शकतो. स्कॅन यापैकी कशाचा करायचा हे यंत्र सांगत नाही. भलत्या जागेचा केला तर तो नॉर्मल येतो आणि घरचे निश्चिंत होतात. त्याहून वाईट म्हणजे तिथे भलतंच काहीतरी सापडतं. वय वाढलं की मणक्यातल्या सरकलेल्या गाद्या काहीही त्रास नसलेल्या माणसांच्या स्कॅनमध्येही दिसतात, आणि मग उपचार त्या गादीवर सुरू होतात.

तोंड वाकडं झालेला माणूस घ्या. घरच्यांच्या मनात एकच शब्द असतो, लकवा. मी त्याला भुवया उंच करायला सांगते. कपाळाच्या वरच्या भागाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम जातो, खालच्या चेहऱ्याला मुख्यतः विरुद्ध बाजूकडून. त्यामुळे दोष मेंदूत असेल तर ओठाचा कोपरा ओघळतो, पण कपाळावर आठ्या दोन्हीकडे पडतात. दोष चेहरा हलवणाऱ्या सातव्या नसेतच असेल तर अख्खी अर्धी बाजू जाते. कपाळ सपाट राहतं, डोळा मिटत नाही, आणि मिटायचा प्रयत्न केला की बुबुळ वर सरकलेलं दिसतं. म्हणजे ज्याचा चेहरा जास्त वाईट दिसतो, त्याचा मेंदू बहुतेकदा शाबूत असतो. हे नातेवाइकांना पटवणं हे माझ्या कामातलं एक अवघड काम आहे. अर्थात कपाळ पाहून थांबता येत नाही. कानात फोड आहेत का, डोळा बाहेरच्या बाजूला वळतो का, हात-पाय कसे आहेत, हे पाहिल्यावरच 'बेल्स पाल्सी', म्हणजे या सातव्या नसेचाच लकवा, म्हणायचं. स्टिरॉइडचा सर्वांत चांगला उपयोग पहिल्या ७२ तासांत होतो, त्यामुळे ते ठरवायलाही फार वेळ नसतो.

डोक्यातून निघणाऱ्या अशा नसांच्या १२ जोड्या आहेत. पहिली वासाची. खरं सांगायचं तर ती बहुतेक वेळा कोणी तपासत नाही. तपासलीच तर कॉफी किंवा साबण वापरायचा, अमोनियासारखं झोंबणारं काही नाही, कारण झोंबणं पाचव्या नसेतून कळतं. दुसरी दृष्टीची. तिसरीपासून पुढच्या जवळजवळ सगळ्या ब्रेनस्टेममधून, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठातून निघतात, आणि वरून खाली क्रमाने निघतात. तिसरी-चौथी वरच्या मजल्यावर, पाचवी ते आठवी मधल्या, नववी ते बारावी तळमजल्यावर. हात-पाय हलवणारे तंतू मात्र या तिन्ही मजल्यांतून उभे खाली उतरतात आणि तळाशी आल्यावर त्यातले बहुतेक बाजू बदलतात.

एवढं लक्षात ठेवलं की पुढचं तर्काने सुटतं. उजवी पापणी पडली आहे, उजव्या डोळ्याची बाहुली मोठी आहे, आणि डावा हात-पाय लुळा आहे. पापणी उचलणारी आणि बाहुली लहान करणारी तिसरी नस त्याच बाजूची, हात-पाय पलीकडचे. मग दोष उजवीकडे, वरच्या मजल्यावरच हवा. हर्मन वेबर यांनी याचं वर्णन १८६३ मध्ये केलं, तेव्हा क्ष-किरणांचाही शोध लागला नव्हता. हात-पाय ठीक आहेत, फक्त पापणी पडली, बाहुली मोठी झाली आणि डोकं प्रचंड दुखतंय, असं असेल तर मात्र धावपळ करावी लागते. मेंदूतल्या रक्तवाहिनीवरचा फुगा तिसऱ्या नसेवर दाबत असू शकतो, आणि तो फुटण्याआधी सापडायला हवा.

आता जीभ. ती आधी तोंडातच ठेवून पाहायची, कारण बाहेर काढलेली जीभ निरोगी माणसाचीही थरथरते. आत निवांत असताना ती वळवळत असेल, एका बाजूने सुकलेली असेल, तर बारावी नस संशयित. मग बाहेर काढायला सांगायचं. बारावी नस गेली असेल तर जीभ दुबळ्या बाजूकडे वळते, कारण शाबूत बाजू तिला पलीकडे ढकलते. पडजीभ याच्या उलट. 'आ' म्हणायला लावलं की ती चांगल्या बाजूकडे ओढली जाते. विद्यार्थी या दोन गोष्टींत हमखास गोंधळतात. एक स्नायू ढकलतो, दुसरा ओढतो, हे समजलं की पाठांतर लागत नाही.

हातापायांच्या तपासणीत लोकांना ताकद मोजणं महत्त्वाचं वाटतं. ० ते ५ गुण देतो आम्ही. माझ्या मते त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे दोन्ही हात समोर धरून, तळवे वर करून, डोळे मिटून थोडा वेळ उभं राहणं. पकडीत दोन्ही हात सारखे वाटणाऱ्या माणसाचाही एक तळवा हळूच आत वळतो आणि हात खाली येऊ लागतो. त्याला स्वतःला ते कळत नाही.

गुडघ्यावर हातोडी मारून पायाचा झटका बघताना काहीजण पाय मुद्दाम उडवून मला मदत करतात. कृपया करू नका. मी 'बोटं एकमेकांत अडकवून ओढा' म्हणते ते लक्ष दुसरीकडे जावं म्हणून, आणि त्याने दबलेला झटका उमटतोही. झटके जोरात आले तर दोष वर, मेंदूत किंवा मज्जारज्जूत. अजिबात नसले तर खाली, नसांत. चार दिवसांत दोन्ही पायांची शक्ती गेली आणि झटकेही गेले, तर मी गियाँ-बारेचा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते त्या आजाराचा विचार करते आणि आधी श्वास पाहते. अशा माणसाच्या मेंदूचा स्कॅन अगदी स्वच्छ येतो.

शेवटी पायाच्या तळव्याच्या बाहेरच्या कडेवरून टोकदार वस्तू ओढायची. अंगठा खाली वळायला हवा. तो वर उठला तर वरून येणारा मार्ग बिघडला आहे. जोसेफ बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये पॅरिसमध्ये हे अगदी छोट्याशा टिपणात मांडलं. साधारण वर्षाच्या आतल्या बाळाचा अंगठा वरच जातो. त्याचा हा मार्ग अजून पक्का झालेला नसतो.

ही तपासणी 'काय' हे मात्र फारसं सांगत नाही. गुठळी आहे की रक्तस्राव, हे हातोडीने कळत नाही, आणि दोन्हींचे उपचार एकमेकांच्या विरुद्ध आहेत. तिथे स्कॅनला पर्याय नाही. पण ब्रेनस्टेममधला गुठळीमुळे आलेला लहानसा लकवा पहिल्या दोन दिवसांत एमआरआयमध्येही कधीकधी दिसत नाही. तेव्हा गरगरणाऱ्या माणसाचे डोळे कसे हलतात, हे बघणारा सरावलेला माणूसच लागतो.

आणि हो, तोंड वाकडं होणं, हात गळणं, बोलणं अडखळणं हे अचानक सुरू झालं, तर घरी आरशासमोर भुवया उंच करून बघत बसू नका. गुठळी विरघळवणारं औषध सर्वसाधारणपणे त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्रास नक्की किती वाजता सुरू झाला ते लिहून घ्या आणि निघा. कपाळ आम्ही बघू.