चाळीस हजारांची हद्द

घाटनदेवीजवळ बंद पडलेली पांढरी डिझेल सेदान आधी दुसऱ्याच एका वर्कशॉपला गेली होती. तिथून १ लाख ७८ हजारांचं एस्टिमेट घेऊन काका तिसऱ्या दिवशी माझ्या अंबडच्या गॅरेजला आले. गाडी टोच्या मागे, आणि काकू पुढे केबिनमध्ये, मांडीवर वही घेऊन.

काकांचा धंदा कल्याण–त्र्यंबक, शिर्डी अशा टुरिस्ट ट्रिपांचा. गाडी दोन लाख तीस हजार किलोमीटर पळालेली. आहे तशी चालू असती तर अडीच लाखांना गेली असती. त्यात पावणेदोन लाखांचं इंजिन टाकायचं?

"टेंपरेचरचा काटा कुठे चढला, काका?"

"घाटनदेवीपाशी."

"आणि थांबलात कुठे?"

"तिथंच की."

असं सगळेच सांगतात. मी ऑइलचं झाकण काढून त्यांच्यापुढे धरलं. आतून सायीच्या चहाचा रंग. ऑइलमध्ये पाणी गेलेलं. काका जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "अर्ध्या घाटात चढला होता. श्रावणी सोमवार, धुकं, मागे ट्रकांची रांग. गाडी लावायची कुठं मिस्त्री?"

कसारा घाटात त्या दिवशी मी तरी थांबलो असतो का, देव जाणे. पण हीट झालेलं इंजिन तसंच ओढलं की पाच-सहा किलोमीटरमध्ये हेडचं, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाचं, वाटोळं होतं.

इन्शुरन्सचं त्यांनी विचारलं. नेहमीच्या पॉलिसीत अपघात धरतात; गाडी हीट झाली, इंजिन गेलं, हे धरत नाहीत. दुसरं विचारलं, "लिंक रोडच्या भंगारातून जुनं इंजिन?" साठ हजारांत मिळतंही. पण इंजिन नंबर ब्लॉकवर, म्हणजे इंजिनच्या धडावर, असतो. कागद नसलेलं इंजिन आरसी बुकावर चढत नाही, आणि टुरिस्ट परमिटच्या गाडीला पासिंग चुकत नाही. ते मी तिथंच मोडीत काढलं.

ग्लो प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं. पहिला सिलिंडर २६ बार, चौथा २५. मधले दोन ११ आणि १२. हाताखालच्या पोराने लगेच जाहीर केलं, "इंजिन खलास." पण शेजारशेजारचे दोनच पडले असतील, तर मला आधी त्या दोघांमधली गॅस्केट, हेड आणि ब्लॉकमधली पट्टी, दिसते. रिंगा अशा जोडीने मरत नाहीत.

"हेड उतरवतो. तेवढ्याचे सहा हजार. पुढचं बघून सांगतो," मी म्हटलं.

काकूंनी वही उघडली. ट्रिपवार डिझेल, टोल, हप्ता, सगळं लिहिलेलं. "बघून सांगू नका. आकडा सांगा. आमचे चाळीस हजार आहेत. त्याच्या वर गेलं तर गाडी उघडी असेल तशी विकायची."

वीस वर्षांत गिऱ्हाईकाने मला अशी हद्द आखून दिली नव्हती. खरं सांगायचं तर मला ते आवडलं नाही. हाफ इंजिन, म्हणजे पिस्टन-क्रँकसकट खालचा अर्धा भाग, काढलं असतं तर पंचाऐंशी हजारांचं काम होतं, आणि त्या महिन्यात मला त्याची गरज होती.

दुसऱ्या दिवशी हेड उतरलं. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधोमध गॅस्केट जळून काळी पट्टी झालेली. तिसऱ्या बोअरमध्ये, सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, एक बारीक रेघ दिसली. पोरगं माझ्याकडे बघायला लागलं. मी अंगठ्याचं नख रेघेवरून आडवं फिरवलं. एकदा, मग पुन्हा. नख अडकलं नाही. बोअरवरच्या होनिंगच्या तिरक्या जाळीदार खुणाही शाबूत होत्या. खालचं ऑइलचं चेंबर उतरवून एक बेरिंग उघडलं. झिजलं की दिसतं ते तांबं दिसत नव्हतं. हाफ इंजिन तिथेच रद्द.

हेड वाकलंय का बघायला सरळ पट्टी ठेवून खाली फिलर गेज घातला तर ०.१५ मिलिमीटरचा सहज जात होता. फेस मारून, म्हणजे घासून सपाट करून, भागलं असतं. पण सातपूरला प्रेशर टेस्टला दिलं, आणि संध्याकाळी फोन आला: दोन व्हॉल्व्हच्या मध्ये क्रॅक, बुडबुडे येतायत.

मग मीच लिंक रोडला गेलो. हेडवर आरसीचा नंबर नसतो, तिथे जुनं चालतं. तीन हेडं उलटीपालटी करून एक निवडलं, प्रेशर टेस्ट पास झालं तरच पैसे या बोलीवर. चौदा हजार. नवी गॅस्केट, वॉटर पंप, फुगलेला खालचा होज, कूलंट. हेडचे बोल्टही नवे. "जुने चांगले तर आहेत," काका म्हणाले. ते बोल्ट आवळताना ताणले जातात, दुसऱ्यांदा त्यांच्यावर माझा भरवसा नाही. एकूण ४६,५००.

फोन काकूंना लावला. "साडेसहा वर जातंय."

"म्हणजे तुम्ही हद्द ओलांडली."

"अजून नाही. हेड आणलंय, बसवलं नाही. तुम्ही नाही म्हणालात तर परत देतो."

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज. "दिवाळीच्या आधी दोन ट्रिपांतून देऊ. पण सहा, साडेसहा नाही."

मी हो म्हटलं.

गाडी तयार झाल्यावर काकांना शेजारी बसवून कसाऱ्यापर्यंत उतरलो आणि घाट चढून आलो. काटा अर्ध्याच्या खालीच. घाटनदेवीला उतरून त्यांनी नारळ फोडला, तोवर मी बॉनेट उघडून नव्या होजच्या क्लिपा हाताने चाचपल्या. काका खोबऱ्याचा तुकडा घेऊन आले, तेव्हा मी डिकीतली साध्या पाण्याची कॅन रस्त्याकडेला ओतून रिकामी करत होतो.