तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या पर्समधली ट्यूब

सुरक्षेच्या प्रशिक्षणाला गेले की कोणी ना कोणी विचारतंच, "मॅडम, ती कॅल्शियम ग्लुकोनेटच्या जेलची ट्यूब कायम जवळ कशाला? आणि ग्लुकोनिक ॲसिड म्हणजे शेवटी ॲसिडच ना?" दर वेळी दोन वाक्यांत मी विषय संपवते. आज संपवत नाही. ते जेल हायड्रोफ्लुओरिक ॲसिडने भाजलं तर लावायचं असतं.

हो, ॲसिडच आहे, पण सौम्य. ग्लुकोजच्या रेणूचं एक टोक ऑक्सिडाइझ झालं की ते तयार होतं. मधात असतंच, कारखान्यात ॲस्परजिलस नायजर ही बुरशी ग्लुकोजपासून ते बनवते. त्याच्या क्षारांना ग्लुकोनेट म्हणतात. माझी पहिली काही वर्षं त्यातल्या सोडियम क्षारावर गेली. बाटल्या धुण्याच्या कॉस्टिक सोड्यामध्ये तो कॅल्शियम, लोह धरून ठेवतो. काँक्रीट लवकर सेट होऊ नये म्हणूनही घालतात. तेव्हा मीच म्हणायचे, औषध कसलं, हे तर धुलाईचं रसायन. तेव्हाच्या त्या बाईशी मी अजून भांडते.

स्टेनलेस स्टीलच्या पिकलिंगला, म्हणजे त्यावरचा ऑक्साइडचा थर ॲसिडने काढायला, एचएफ, म्हणजे हायड्रोफ्लुओरिक ॲसिड लागतं. त्या दिवशी आमच्यातल्या एका पोराच्या हातमोज्याला तर्जनीपाशी बारीक छिद्र पडलं होतं. त्याने हात धुतला. लाली नाही, फोड नाही. मी बोट उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, "काही झालं नाहीये, जा कामाला." सौम्य एचएफची आग काही तासांनी उठते, हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं असूनही म्हणाले.

रात्री त्याचा फोन आला. बोलणं नव्हतं, नुसतं कण्हणं. दवाखान्यात पोचले तेव्हा नखाखालचं मांस राखाडी पडलं होतं. फ्लुओराइड आत मुरून कॅल्शियम पकडत होतं, आणि त्याला साध्या भाजण्याची पट्टी बांधून ठेवलं होतं. त्या फ्लुओराइडला बाहेरून कॅल्शियम पुरवणाऱ्या कॅल्शियम ग्लुकोनेटचे ॲम्प्यूल, म्हणजे इंजेक्शनच्या कुप्या, तिथल्या ट्रॉलीवर होते. पोटॅशियम वाढलं की हृदय सांभाळायला तेच देतात. पण हे बोट आणि ते ॲम्प्यूल यांची सांगड कोणी घालेना. मी ओरडले, हात जोडले. शेवटी एका वरिष्ठ डॉक्टरांनी ॲम्प्यूल जेलीत कालवले, ते हातमोज्यात भरलं आणि त्याचा हात आत घातला. बऱ्याच वेळाने त्याच्या खांद्यांची थरथर थांबली. नख मात्र काढावं लागलं.

कॅल्शियम क्लोराइड का नाही, हेही विचारता. तेवढ्याच ॲम्प्यूलमध्ये त्यात जवळपास तिप्पट कॅल्शियम असतं, पण बोटात टोचलं तर तेच मांस जाळतं. ग्लुकोनेट त्या मानाने खूप सौम्य, म्हणून बोटासाठी तेच.

तेव्हा ट्यूब असती तर नख वाचलं असतं? जेल नखाखाली फारसं पोचत नाही, हे मला माहीत आहे. तरी रोज वाटतं, वाचलं असतं.

ट्यूब दिसली की माणसं निष्काळजी होतात, असंही तुमच्यातले काही म्हणतात. खरं आहे. हात न धुता ट्यूबकडे धावणारा मी पाहिलाय. म्हणून आधी पाच मिनिटं वाहतं पाणी, मग अडीच टक्क्यांचं जेल, आणि दुखत नसलं तरी लगेच डॉक्टर. ट्यूब मी ठेवणारच. तारीख उलटली की नवी घेते.