ट्रॅक डेला मागून गाडी आली तर बाजूला होऊ नका (म्हापसा ते कोल्हापूर, वृत्तांत)

आधी मुद्द्याचं सांगतो, बाकी वाचलं नाहीत तरी चालेल. ट्रॅक डेला, म्हणजे पैसे भरून रेसट्रॅकवर स्वतःची मोटरसायकल चालवायच्या दिवशी, मागून फास्ट गाडी आली तर तिला साइड द्यायची नाही. तुम्ही तुमच्या लाइनीत (म्हणजे ट्रॅकवर ज्या वाटेने चालवताय त्या वाटेवर) राहायचं, तुमच्या स्पीडला राहायचं, आणि ओव्हरटेक सेफ करायची जबाबदारी पूर्णपणे मागच्याची. मला सकाळच्या ब्रीफिंगमध्ये बरोब्बर उलटं सांगितलं गेलं, मी ते ऐकलं, आणि त्यामुळे सांगलीचा एक चांगला माणूस पडला. म्हणून हे लिहायला बसलोय.

आपल्याकडे गोव्यात मोटरसायकलसाठी डांबरी रेसट्रॅक नाही. मद्रासचा ट्रॅक १९९० पासून आहे, कोईमतूरला कारी आहे, दिल्लीकडे बुद्ध आहे, पण म्हापशाहून एका वीकेंडला यातलं काहीच जमत नाही, म्हणून आपली बरीच पोरं कोल्हापूरकडे छोट्या ट्रॅकवर जातात. आम्ही चौघं, मी म्हापशाचा, दोघे डिचोलीचे आणि एक पेडण्याचा. माझी आर वन फाइव्ह, म्हणजे १५५ सीसी. लेदर सूट, बूट, फुल फेस हेल्मेट, बॅक प्रोटेक्टर हे तुमच्याकडे असणारच असं धरून चालतो, नसेल तर जाऊच नका.

गाड्या पिकअपमध्ये टाकून नेल्या. सावंतवाडी, आंबोली, आजरा, निपाणी करत दोनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. भाडं ठरलं होतं साडेआठ हजार, परत आल्यावर मागितले बारा. का तर वेटिंग, ड्रायव्हरचं जेवण आणि बांद्याच्या नाक्यावरचे काहीतरी दीड हजार, ज्याची पावती नाही. वाद घालून दहावर मिटवलं. ठरवताना वेटिंगसकट रक्कम व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या आणि गाड्या बांधायचे पट्टे स्वतःचे न्या. त्यांनी सुतळी दोरीने हँडल बांधलं होतं, आंबोली चढेपर्यंत डिचोलीवाल्याची गाडी अर्धी आडवी झालेली.

आता ट्रॅक. आयोजकांच्या मेसेजमध्ये लिहिलेलं की नवशिक्यांचा ग्रुप वेगळा, दहा-बारा जणच, एकास एक कोच. तिथे कोच दोन आणि आम्ही सत्तावीस. ब्रीफिंग जेमतेम सात-आठ मिनिटं. झेंडे दाखवले ते ठीक, पिवळा म्हणजे पुढे काहीतरी झालंय आणि ओव्हरटेक बंद, लाल म्हणजे सेशन थांबलं, हळू होऊन पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबवतात तिथे) या, काळा दाखवून तुमच्याकडे बोट केलं तर तुम्हाला बोलावलंय, चौकडीचा म्हणजे संपलं. आणि शेवटी ब्रीफिंग देणारा म्हणाला, "मागून फास्ट रायडर आला तर बाजूला होऊन जागा द्या." आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. ऐकायला सभ्यपणाचंच वाटतं ना, आणि आपण रस्त्यावर तेच करतो, मागून हॉर्न वाजला की डावीकडे. वीस वर्षांची सवय आहे ती, हात आपोआप वळतो.

दुसरं सेशन. सरळ पट्टा संपला की उजवा हेअरपिन, म्हणजे जवळजवळ उलटं फिरवणारं वळण. मी ब्रेक धरलेला, एक गियर खाली टाकला, आणि मागून केटीएम आरसी ३९० चा आवाज आला, एकदम कानापाशी. आरसे काढलेले असतात त्यामुळे दिसत काही नाही. मला वाटलं हा आतून घुसणार, म्हणून मी त्याला आत जागा द्यायला ब्रेक धरलेले असतानाच दोन-अडीच फूट डावीकडे सरकलो. आणि तो नेमका डावीकडूनच येत होता. त्याचं शंभर टक्के बरोबर होतं, बाहेरून, माझ्यापासून अंतर ठेवून, अगदी शिकवतात तसं. मी त्याच्या समोर गेलो. त्याच्याकडे माझ्यापेक्षा ताशी ३० किलोमीटरचा स्पीड जास्त धरला तर सेकंदाला ८ मीटर झाले, म्हणजे माझ्या गाडीच्या चार लांब्या. एवढ्यात तो काय करणार. त्याच्या हँडलचं टोक माझ्या डाव्या कोपराला घासलं, तो सरळ बाहेर मातीत गेला आणि तिथे हळूच आडवा झाला. क्लच लिव्हर मुळापासून तुटला, मनगट सुजलं. माझ्या सूटच्या बाहीवर वितभर काळी रेघ आहे, पुसली तरी जात नाही.

मी पिटमध्ये हात थरथरत उभा. तो सांगलीवाला चालत आला, हेल्मेट काढलं, मला वाटलं आता खाणार. तर म्हणतो, "कशाला हाललास रे भावा? तू तुझ्या लायनीत ऱ्हायला असतास तर मी गेलो असतो की बाहेरून." मी म्हटलं ब्रीफिंगला असं असं सांगितलं. त्याने कपाळावर हात मारला आणि मग मनगटावर बर्फ धरून अर्धा तास मला शिकवत बसला. त्या अर्ध्या तासात सगळी फी वसूल झाली, आणि ती आयोजकांमुळे नाही.

त्याने सांगितलेलं माझ्या शब्दांत. मागचा माणूस तुम्हाला वाचत असतो. तुम्ही कुठे ब्रेक लावता, कुठून वळता, हे तो दोन वळणं बघतो आणि त्यावर ठरवतो की कुठून निघायचं. तुम्ही हळू असलात तरी त्याला काही त्रास नाही, तुम्ही बदललात की त्रास. म्हणून मागे वळून बघायचं नाही, हात करून "जा जा" करायचं नाही, ब्रेकिंगच्या मध्ये लाइन सोडायची नाही. अगदीच जाऊ द्यायचं असेल तर सरळ पट्ट्यावर एका बाजूने सरळ चालत राहायचं आणि थ्रॉटल थोडा कमी, बस्स. निळा झेंडा दिसला तरी घाबरून बाजूला उडी मारायची नाही, मागे कोणी फास्ट आहे एवढंच कळलं असं समजायचं.

आणि मागचा असाल तर नवशिक्या ग्रुपमध्ये फक्त सरळ पट्ट्यावर पास करा, त्याच्यापासून सहा फूट लांबून. वरच्या ग्रुपला वळणात पण चालतं, पण बाहेरून. आतून नको, कारण वळणात शिरताना पुढच्याच्या आत जी मोकळी जागा दिसते ती मोकळी नसतेच. तो बाहेरून आत येणार आहे, पुढच्या अर्ध्या सेकंदात तो तिथेच असणार आहे आणि त्याला तुम्ही दिसत नाही. २०२३ च्या सप्टेंबरात बुद्धवर मोटोजीपी झाली, बेझेकी जिंकला, ते आत घुसतात कारण त्यांना पॉइंट आहेत आणि तो त्यांचा धंदा आहे. इथे पुढे गेल्याबद्दल कोणी काही देत नाही आणि सोमवारी ऑफिस आहे.

हे सगळं ऐकताना मला वडील आठवत होते. ते म्हापशात पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाले होते, काळी गाडी, पिवळं मडगार्ड, मागे भाडं. शुक्रवारच्या बाजारात सुकी मासळी, चवळीच्या जुड्या आणि माणसं यांतून गाडी काढायचे, पण मागे बसलेल्या म्हातारीला कधी हिसका लागला नाही. मला शिकवताना म्हणायचे, पुढच्याचं डोकं बघ, डोकं वळलं की गाडी वळणार, आणि तुझं डोकं असं ठेव की मागच्याला पण कळेल. सांगलीवाल्याने हेच सांगितलं, फक्त लेदर सूट घालून.

तिसऱ्या सेशनला मी ठरवून हललो नाही. तीन जण बाहेरून गेले, आवाज आला, रंग दिसला, गेले. इतकं सोपं होतं हे! मला ओरडावंसं वाटलं हेल्मेटमध्ये, आणि मी ओरडलो पण.

जेवणानंतर मात्र आयोजकांनी वेळ कमी पडतोय म्हणून दोन ग्रुप एकत्र केले, आणि हा शुद्ध हलगर्जीपणा होता. लिटर बाइकवाले (१००० सीसीच्या आसपासच्या गाड्या) दोघे सरळ पट्ट्यावर बंदुकीच्या गोळीसारखे जायचे आणि वळणात बैलगाडी. आम्ही छोट्या गाड्यांवर वळणात त्यांच्या मागे अडकायचो, सरळ पट्ट्यावर ते परत पळायचे. अशात चिडून आत घुसायचा मोह होतो. त्यापेक्षा एकदा पिटमध्ये शिरा आणि मोकळी जागा बघून परत निघा, अर्धा मिनिट जातं फक्त. पिटमध्ये शिरताना हात वर किंवा पाय बाहेर, आधीच्या वळणापासून, नाहीतर मागचा तुम्ही रेस करताय असं समजून ब्रेक उशिरा लावणार. डिचोलीवाल्याने हात केला नाही आणि अगदी थोडक्यात वाचला. शेवटचं सेशन मी सोडलं, मनगटं दुखत होती आणि मला ब्रेकिंगची खूण उशिरा दिसायला लागलेली. तुम्हीही सोडा, पैसे भरलेत म्हणून नका जाऊ.

फोन करून आधी हे विचारा: ग्रुप कशावर पाडता, सीसीवर की रायडर बघून? सीसी म्हणाले तर फोन ठेवा. नवशिक्यांना वळणात ओव्हरटेक चालतं का? चालतं म्हणाले तरी ठेवा. अ‍ॅम्ब्युलन्स दिवसभर उभी असते का? ग्रुप एकत्र करणार नाही हे मेसेजमध्ये लिहून मागा. आणि स्वतःचा ग्रुप निवडताना खरं बोला. चोर्ला घाटात रविवारी सगळ्यांच्या पुढे असतो म्हणजे तुम्ही इंटरमीजिएट (नवशिक्यांच्या वरच्या ग्रुपचे) नाही. चोर्ल्यात समोरून टेम्पो येतो म्हणून सगळे हळू असतात. आणि उलट, ट्रॅकवर बाहेरून पास करायला शिकलात म्हणून ते चोर्ल्यात करू नका, तिथे बाहेर दरी आहे किंवा समोरचा ट्रक.

दुसऱ्या दिवशीचं कोचिंग चांगलं झालं, हवा छान होती, कोणी पडलं नाही.

जाताना दोन्ही बाजूंचे लिव्हर जास्तीचे न्या, टेप न्या, इलेक्ट्रोलाइट न्या, पाण्याचा कॅन स्वतःचा न्या, तिथे २० ची बाटली ४० ला होती. सांगलीवाल्याच्या गाडीला माझा लिव्हर बसला नाही आणि पैसे देतो म्हटलं तर घेईना, म्हणे पुढच्या वेळी भडंग घेऊन येतो, तू काजू आण. त्याचा दुसरा दिवस माझ्यामुळे गेला. आरसी ३९० चा ओरिजिनल क्लच लिव्हर म्हापसा, पणजी, मडगाव कुठे मिळत असेल तर सांगा, या आठवड्यात सांगलीला पाठवायचाय.