केबल उपटून घेतलेली चाचणी

आमच्या एका शाखेला मुख्यालयाशी जोडणाऱ्या बॅकअप लाइनची, म्हणजे मुख्य लाइन गेली की चालायच्या दुसऱ्या लाइनची, चाचणी मीच घेतली होती. मुख्य लाइनची केबल राउटरमधून उपटली, एक-दोन पिंग (पलीकडून उत्तर येतंय का पाहणारे छोटे संदेश) चुकले आणि काम दुसऱ्या लाइनवरून सुरू झालं. रिपोर्टवर सही केली. तीन आठवड्यांनी सकाळी तिथून फोन आला: काहीच चालत नाही. राउटर तीनदा बंद-चालू करून झाला होता. ते सगळेच करतात.

"बॅकअप आहे ना पण?" हे मला त्या दिवशी किती जणांनी विचारलं, त्याची मोजदाद नाही.

पहिली अडचण म्हणजे मलाच आत शिरता येईना. माझं पॅकेट बॅकअप लाइनने शाखेत पोचत असणार, पण उत्तर स्टॅटिक रूट, म्हणजे राउटरमध्ये हाताने लिहून ठेवलेला रस्ता, पाहून मेलेल्या लाइनवरून निघत होतं. मग मुख्यालयाच्या राउटरवर लॉगिन केलं आणि तिथून बॅकअप लाइनच्या पलीकडच्या टोकाच्या पत्त्यावर एसएसएच मारलं, म्हणजे दुरून लॉगिन केलं. तो /३० चा, म्हणजे वापरायला दोनच पत्ते असलेला, पट्टा दोन्ही राउटरांना थेट जोडलेला. त्याचं उत्तर द्यायला वेगळा रूट लिहावा लागतच नाही. ही युक्ती सुचली तेव्हा मी स्वतःवर खूश होतो, हे कबूल करतो.

आत पाहिलं तर मुख्य लाइनचा इंटरफेस (राउटरचं पोर्ट) अप, आणि तिचा रूट टेबलमध्ये, म्हणजे राउटरच्या रस्त्यांच्या यादीत, ऐटीत बसलेला. बॅकअपचा रूट मी अंतर २५० देऊन लिहिला होता. मुख्य रूटचं १. हे अंतर मैलांचं नव्हे, भरवशाचं. आकडा जितका लहान, तितका भरवसा जास्त. सिस्कोच्या राउटरवर ओएसपीएफने (राउटरांनी एकमेकांना रस्ते कळवायची पद्धत) शिकलेल्या रूटचं अंतर ११० असतं, म्हणजे माणसाने हाताने लिहिलेलं राउटर त्याहून खरं मानतो. भाबडेपणाच. १ वाला रूट टेबलमधून उतरेपर्यंत २५० वाल्याला आत जागा नाही. आणि तो उतरणार कधी? इंटरफेस पडेल तेव्हा.

तो पडलाच नव्हता. आमचा राउटर आणि सेवा देणाऱ्यांची फायबर यांच्यामध्ये मीडिया कन्व्हर्टरची डबी होती, फायबरचा सिग्नल तांब्याच्या केबलवर आणणारी. फायबर पलीकडे तुटली, पण डबीने आमच्या बाजूचा दिवा चालू ठेवला. सेवा देणारेही तासभर "आमच्याकडून लिंक अप दिसतेय" म्हणत राहिले. त्यांच्या स्क्रीनवर दिसत असेलही.

दोन्हीकडे मुख्य इंटरफेस शटडाउन केला. दोन्हीकडे, कारण स्टॅटिक रूट फक्त जायचा रस्ता सांगतो, परतीचा दुसऱ्या टोकाला वेगळा लिहावा लागतो. फोन थांबले.

कायमचा उपाय म्हणून लाइन दुरुस्त झाल्यावर मुख्य रूटला ट्रॅकिंग लावलं: दर दहा सेकंदांनी मुख्यालयाच्या लूपबॅकला (राउटरच्या आतला, कुठल्याही एका लाइनला न बांधलेला पत्ता) पिंग, उत्तर नाही आलं तर रूट काढायचा. या वेळी केबल राउटरमधून न काढता डबीतली फायबर काढली. रूट उतरला, बॅकअप चढला... आणि पिंग बॅकअपवरून पोचलं! ट्रॅकला वाटलं लाइन आली. रूट परत चढला, पिंग पुन्हा मेलं. झोपाळा सुरू. शेवटी त्या एका पत्त्यासाठी मुख्य लाइनवरूनच जाणारा /३२ चा स्टॅटिक रूट लिहिला, ट्रॅकिंगशिवाय. लाइन मेली तरी न हटणारा. ज्या हट्टाने सकाळी बुडवलं, तोच इथे कामाला आला.

मला अजून खटकते ती पहिली चाचणी. केबल उपटली की इंटरफेस पडतो, म्हणजे मी नेमका तोच बिघाड करून पाहिला होता, ज्यात माझं कॉन्फिगरेशन पास होणार होतं. आमच्या फॉर्ममध्ये अजूनही एकच रकाना आहे: "केबल काढून पाहिली: हो/नाही." मी त्याच्या शेजारी पेनाने लिहितो: कुठली?