फोटोवरून नाव सांगता यावं म्हणून

ऑगस्ट-सप्टेंबरात चिखलदऱ्याचा डोंगर फुलतो आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर "हे फूल कोणतं?" सुरू होतं. फोटो सुरेख असतो, पण एकच आणि तोही समोरून. पानं चौकटीबाहेर, देठ धूसर. अशा फोटोवरून जाणकारालाही कुळापुढे जाता येत नाही, कारण जातीची खूण बहुतेकदा फुलाच्या पाठीमागे किंवा पानाच्या बुडाशी असते. मेळघाटच्या संरक्षित जंगलात झाड उपटून, दाबून, वाळवून आणता येत नाही. आणूही नये. तेव्हा ते काम फोटोनंच करायचं.

लांबून जवळ या. आधी जागा: खडकाची कपार, गवताळ उतार की सागाखालची सावली. मग बुडापासून शेंड्यापर्यंत पूर्ण झाड. मग खोडाचा वीतभर भाग, पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक हे दिसेल असा. पानाच्या दोन्ही बाजू हव्यातच. खालची लव आणि शिरा पुष्कळ काही सांगतात. शेवटी फूल समोरून, बाजूने आणि मागून. कळी, शेंग, बोंड असेल तर तेही घ्या. एका झाडाचे आठ-दहा फोटो होतात, ते जास्त नाहीत.

बाजूचा फोटो सगळ्यात जास्त राहून जातो. तेरड्याच्या फुलामागे बारीक वाकडी नळी असते, ती समोरून दिसतच नाही. हबेनारिया गटातल्या आमरींमध्ये (ऑर्किडमध्ये) ही नळी खालच्या बीजांडकोषापेक्षा लांब की आखूड, यावर जात ठरते. सूर्यफुलाच्या कुळातली पिवळी फुलं समोरून एकसारखी वाटतात. त्यांच्या खालच्या हिरव्या छदांच्या, म्हणजे पानासारख्या पापुद्र्यांच्या, किती ओळी आहेत, त्यांवर केस आहेत का, ते पाहावं लागतं. खुळखुळ्यात पान एकपर्णी (एकसंध) की त्रिपर्णी (तीन पर्णिकांचं), ते आधी टिपा.

ओळखीच्या झाडातही फसगत होते. तरोटा आणि त्याच्यासारखाच सेना ऑब्ट्युसिफोलिया घ्या. पानाच्या मधल्या दांड्यावर पर्णिकांच्या (पानाच्या छोट्या भागांच्या) जोड्यांमध्ये काडीसारख्या बारीक ग्रंथी असतात. तरोट्यात त्या खालच्या दोन जोड्यांमध्ये, दुसऱ्यात फक्त सर्वांत खालच्या जोडीत. पिवळ्या फुलाचे वीस फोटो काढले तरी हे कळणार नाही. केन्याचंही तसंच: निळ्या पाकळ्यांपेक्षा फुलाखालचं नरसाळ्यासारखं जुळलेलं छद आणि पानाच्या आवरणावरचे तांबूस केस महत्त्वाचे. केना सकाळीच गाठा, दुपारपर्यंत तो मिटतो.

फोन फुलाला चिकटवला की फोकस सुटतो. वीतभर मागे सरका आणि दुप्पट झूम करा. गवताच्या पात्यासारखं बारीक फूल असेल तर फोन मागचं गवत पकडतो. फुलामागे तळहात धरा, फुलावर बोट दाबून फोकस कायम करा, मग हात काढा. पिवळ्या-पांढऱ्या पाकळ्या उन्हात नुसता डाग होतात, शिरा पुसल्या जातात. उजेड थोडा कमी करा किंवा छत्रीची सावली धरा. पावसाळ्यात छत्री हातात असतेच. मात्र रंगीत छत्री नको, तिचा रंग पाकळीवर उतरतो. वारा असेल तर खोड दोन बोटांनी हलकेच धरा. कॅमेऱ्याला मॅक्रो (जवळच्या फोटोंची) लेन्स असेल तर तिचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ-८ ते एफ-११ ठेवा, नाहीतर पुंकेसर स्पष्ट आणि पाकळी धूसर येते.

मापासाठी छोटी पट्टी ठेवा. नसेल तर १० रुपयांचं नाणं चालेल, त्याचा व्यास २७ मिलिमीटर. ते फुलाच्याच अंतरावर हवं. पुढे धरलं तर फूल उगाच लहान वाटतं.

नवं झाड सुरू करताना आधी वहीच्या पानाचा फोटो घ्या: तारीख, ठिकाण, उंची, वास, कोरकू शेजाऱ्यांनी सांगितलेलं नाव. पण नुसत्या स्थानिक नावावर थांबू नका. सफेद मुसळी आणि काळी मुसळी यांची कुळंसुद्धा वेगळी आहेत. पहिलीचं फूल पांढरं, दुसरीचं पिवळं, जमिनीलगत.

पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर बारीक लव दाबली जाते आणि फोटोसोबतची जागेची नोंदही जाते. आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर) टाकणार असाल तर मुसळी, आमरी यांची जागा झाकायचा पर्याय निवडा. कंद खणणारेही नकाशा वाचतात.